मैदानावर गाई येतात का?

आमोदनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी नैवेद्याचं पान मांडत होते. म्हटलं, "थांब रे, देवाआधी यंत्राला नको बसवूस." तो हसला, यंत्र थोडं बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "आई, आज तुम्हा दोघांचंच काम आहे. तुझं आटप आणि ये."

येत्या माघात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. मुलगा आणि सून, दोघंही हिंजवडीला एकाच ऑफिसात नोकरीला, राहायला बाणेरला. रविवारी आमच्याकडे नारायण पेठेत जेवायला येतात. त्या दोघांनी आपापसांत ठरवलं होतं, की चाळिसाव्या वाढदिवसाला आम्हाला आठवडाभर कुठेतरी पाठवायचं, आणि तेही ह्यांना गोल्फ खेळता येईल अशाच ठिकाणी.

"देवस्थान नाही हं आई," माझी सून स्वराली म्हणाली. "या वेळी बाबांची सुट्टी."

खोटं नव्हतं. चाळीस वर्षांत आम्ही गेलो ते माझ्या देवांच्याच गावी. गाणगापूर, नरसोबाची वाडी, काशी, रामेश्वर. हे बाहेर उभे राहून चपला सांभाळायचे आणि माझं दर्शन होईपर्यंत आख्खं वर्तमानपत्र वाचून काढायचे, छोट्या जाहिरातींसकट.

ह्यांना गोल्फ लागलं ते पन्नाशीनंतर. चिंचवडच्या कारखान्यात हे टूलरूमचे प्रमुख होते. देशाचे दरवाजे उघडले, बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, तशी ह्यांच्या कारखान्यात जपानी मंडळी भागीदार म्हणून आली. त्यांना रविवारी सकाळी येरवड्याला गोल्फ खेळायचं असे, आणि त्यांच्या सोबतीला पहाटे उठायची कुणा साहेबाची तयारी नसे. हे उठत. आधी नुसते बरोबर चालायचे, मग एका जपान्यानं हातात काठी दिली. झालं! ह्यांची ती लांबलचक पिशवी पहिल्यांदा आमच्या जिन्यावरून वर आली तेव्हा तळमजल्यावरच्या शालनताईंनी विचारलं होतं, "तंबोरा आणलात का हो?"

तर आता आमोद एकेक गाव दाखवू लागला.

"थायलंड. उत्तम मैदानं आहेत बाबा, आणि फार लांबही नाही."

"उकाडा," हे म्हणाले.

"फेब्रुवारीत?"

"त्यांच्याकडे फेब्रुवारीतही तोच असतो. ते बदलत नाहीत."

"मॉरिशस?"

"चारी बाजूंनी समुद्र. माझा चेंडू कुठे जातो ते तुला ठाऊक आहे."

"मग दुबई. काय हिरवळ केलीये त्यांनी!"

"वाळवंटात हिरवळ बघायला जायचं, तर मग बर्फ बघायला सोलापूरला जाऊ."

स्वरालीनं बंगळूरजवळचं एक नवं रिसॉर्ट काढलं. तळी, कारंजी, कंगव्यानं विंचरल्यासारखं गवत. हे चष्मा वर करून बराच वेळ त्या चित्रात काहीतरी शोधत राहिले. मग मान हलवली.

"फार स्वच्छ आहे."

"स्वच्छ असणं वाईट कधीपासून झालं, बाबा?"

"वाईट नाही. पण नको."

आमोदनं तर प्रत्येक गावाला गुण देऊन एक तक्ता केला होता. हवा, जेवण, प्रवास, दवाखाना. तो मिटत म्हणाला, "तुम्हाला जायचं तरी आहे का?"

"जायचंय ना."

"कुठे?"

"ते तुम्ही शोधा. आय.टी.वाले तुम्ही."

पोरं हिरमुसली. मी वाढायला उठले. ह्या सगळ्यात मी काहीच बोलले नव्हते, कारण मला वाटलं होतं की ह्यांच्या नकाराचं कारण मला कळलं आहे. कारण मीच होते. माझा नेम.

गेली सहा वर्षं मी गाईला घास घातल्याशिवाय अन्न घेत नाही. देवाला नैवेद्य दाखवला, की गूळ लावलेली पोळी घेऊन मोदी गणपतीशेजारच्या बोळात जायचं. तिथे वेणूबाई आपली गाय घेऊन बसते. तिच्याकडून गवताची पेंढी घ्यायची, पोळी आणि पेंढी आपल्या हातानं गाईच्या तोंडाशी धरायची, मग पुढे कसब्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन घरी यायचं आणि पान वाढून घ्यायचं. गाय नाही भेटली तर उपास. देवाच्या गावी कधी अडलं नाही, तिथे गाई आपण होऊन समोर येतात. पण भाचीच्या लग्नात, सिंहगड रस्त्यावरच्या एका चकचकीत लॉनवर, मी संध्याकाळपर्यंत पाण्यावर होते आणि सगळे व्याही "काही चुकलं का आमचं?" म्हणून मागे लागले होते.

आमोद थट्टा करतो. "आई, आता गोग्रास इंटरनेटवरही होतो. इथे बटण दाबायचं, तिकडे मथुरेत गाय खाते."

मी म्हटलं होतं, "मग माझं पानही तिकडेच वाढायला सांग."

हा नेम कशासाठी, ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. ज्याच्यासाठी नेम धरला त्याला तो सांगायचा नसतो, सांगितलं की त्याचं फळ जातं, असं आमच्याकडे मानतात. ज्या वर्षी कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि ह्यांच्यासारख्यांना मुदतीआधी सन्मानानं घरी पाठवलं, त्या वर्षी हे गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दाढी करायचे, जेवायचे, पुन्हा बसायचे. कुणावर राग नाही, कसली तक्रार नाही. ती लांब पिशवी दाराआड उभी. त्या दिवसांत मी देवापाशी शब्द टाकला, की हे उठोत, मोकळ्या हवेत जावोत, मी तुझ्या गाईला घातल्याशिवाय जेवणार नाही. पावसाळा सरला, आणि एका सकाळी हे उठले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "येरवड्याला जाऊन येतो." तेव्हापासून जाताहेत. मग नेम सोडायचा धीर मला कसा व्हावा? सोडला आणि हे पुन्हा बसले तर?

म्हणून मी गप्प होते. ह्यांना गोल्फ हवं, मला गाय हवी, आणि हे भल्या स्वभावाचे, "तुझ्यामुळे जमत नाही" असं म्हणणार नाहीत, उकाड्यावर ढकलताहेत.

त्याच संध्याकाळी उत्तरेश्वरराव आले. ह्यांचे कारखान्यातले सहकारी, मूळचे लातूरकडचे, आवाज असा की शालनताईंना खाली ऐकू जातो. येरवड्याचे पाच-सहा मित्र मिळून थायलंडला निघाले होते, फक्त पुरुषमंडळी, आणि मंगळवारी तिकिटं काढायची होती.

"वहिनी, दिगंबररावांना आठ दिवस सोडा की! आम्ही काय त्यांना विकून येत नाही."

"कोण घेणार?" हे म्हणाले.

"बघा, स्वतःची किंमत ठाऊक हाये माणसाला! तुम्ही यायलाव का नाही ते सांगा."

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, परवानगी मागताहेत. मी चहाचा कप उत्तरेश्वररावांपुढे ठेवला आणि म्हटलं, "जा ना तुम्ही. खरंच जा. माझी काळजी नको, मला काय, देव आहेत सोबतीला."

"तू सांगतेस जायला?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"बरं."

उत्तरेश्वररावांनी मांडीवर थाप मारली. "वहिनी असावी तर अशी! मंगळवारी फोन करतो." आणि ते गेले.

हे गॅलरीत गेले आणि खुर्चीत बसले. जेवायला हाक मारली तेव्हा आले, जेवले, पुन्हा जाऊन बसले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही." तीच जागा, तोच आवाज. त्या वर्षीसारखंच.

दुसऱ्या दिवशी पूजेत माझं लक्ष नव्हतं. नैवेद्य दाखवताना मनात एकच, की ह्यांना एकट्याला पाठवणं चुकलं. मीच जायला हवं बरोबर. पण मग नेम?

वेणूबाई नेहमीच्या जागी होती. तिच्या तांबूला पोळी घातली, पेंढी घातली, आणि हळूच विचारलं, "वेणूबाई, मी आठवडाभर परगावी गेले तर माझ्या नावानं रोज घालशील का?"

"घालीन की," ती म्हणाली. "बँकेतल्या बाईंच्या नावानं घालते, त्या डाक्टरच्या आईच्या नावानं घालते, तुमच्या बी नावानं घालीन. तांबूला गवताशी काम. तिला समदी नावं चांगली."

मी हसले खरी, पण समाधान झालं नाही. माझ्या हातानं घालीन, असंच म्हटलं होतं ना देवाला. त्यातला हात काढून घेतला तर उरलं काय? पुढे कसब्याला जायला पायच उचलेना. तिथूनच हात जोडले आणि उलटी घरी फिरले.

किल्लीनं दार उघडलं तर गॅलरीतून आवाज येत होते, ह्यांचा आणि आणखी कुणाचा. ह्यांना अलीकडे ऐकायला कमी येतं म्हणून आमोदनं मोठ्या आवाजाचा फोन आणून दिला आहे; पलीकडचं माणूस सगळ्या घराशी बोलतं. हे खुर्चीत बसून, फोन मांडीवर घेऊन, इंग्रजीत बोलत होते. मला इंग्रजी बोलायला जीभ रेटत नाही, पण कळतं सगळं.

"मला एकच विचारायचं आहे," हे म्हणत होते. "तुमच्या मैदानावर गाई येतात का?"

"नाही सर! एकही नाही!" पलीकडचा तरुण आवाज जवळजवळ ओरडला. "भोवती तारेचं कुंपण आहे, रात्रंदिवस पहारा आहे."

"बरं, आसपास?"

"आसपासही नाही सर. गाय सोडा, शेळीसुद्धा दिसणार नाही. आमचा शब्द आहे."

"अरेरे," हे म्हणाले.

"सर?"

"काही नाही. आभारी आहे."

फोन ठेवला आणि पुन्हा आकडे दाबू लागले. मी चपला हातात घेऊन तिथेच दाराशी उभी राहिले.

या वेळी फोन निलगिरीत लागला. चहाच्या मळ्यांतला, साहेबाच्या काळातला एक जुना क्लब. पलीकडचा माणूस वयस्क वाटला, सावकाश बोलणारा. ह्यांनी नाव सांगितलं, "मी पुण्याहून दिगंबर खांबेटे," आणि पुन्हा तोच प्रश्न केला.

पलीकडे खाकरल्याचा आवाज. मग, "सर, आपल्याला कुणी सांगितलं? कुणी तक्रार केली का?"

"नाही, नाही. मी नुसतं विचारतोय."

"सर, आम्ही प्रयत्न करतो आहोत. शेजारच्या वस्तीतल्या गाई आहेत. सकाळी येतात. समितीनं बंदोबस्ताचा ठराव केला आहे."

"किती येतात?"

"चार-सहा, सर. पण गरीब आहेत."

"रोज?"

"रोज, सर. माफ करा."

"रविवारी?"

"रविवारीसुद्धा," तो बिचारा अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

"अहो, माफी कसली मागता!" हे खुर्चीत ताठ झाले. "फेब्रुवारीपर्यंत तो ठराव तेवढा अमलात आणू नका. हातानं घातलं तर खातात का त्या?"

"सर, त्या टोपीसुद्धा खातात. पण आपण हे का विचारता?"

"माझ्या पत्नीचा नेम आहे. गाईला घातल्याशिवाय ती जेवत नाही. आणि ती उपाशी बसलेली असली तर मला खेळता येत नाही. निम्म्या हिंदुस्थानात फोन केले मी, साहेब. सगळीकडे कुंपणं. तुम्हीच पहिले भेटलात."

पलीकडचा माणूस हसू लागला, आणि म्हणाला, की त्यांच्या क्लबातल्या गाईंबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही. चेंडू शेणात पडला तर काय करतात, हेही ह्यांनी विचारून घेतलं. उचलून कोरड्यात ठेवायचा, दंड नाही.

ह्यांनी फोन बंद केला, वळले, आणि मी दिसले. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं.

"कसब्याला नाही गेलीस?"

"नाही. हे कधीपासून चाललंय?"

"पोरांनी बेत कानावर घातला तेव्हापासून. तू गाईकडे गेलीस की करतो."

"मग काल मुलांना सांगायचंत की, गाई हव्यात म्हणून."

"आणि त्यांनी तुझ्याकडे बघायचं? 'आई, तुझ्यामुळे.' कशाला? मला उकाडा होतो, तेवढं पुरे आहे त्यांना."

मग म्हणाले, जरा बाहेर बघत, "काल तू जा म्हणालीस. मला वाटलं, तुला यायचंच नाहीये. बारा वर्षं खेळतोय, एकदा बघायला आली नाहीस. म्हटलं ठीक आहे, आपण कुठे देवळात आत जातो!"

"आणि मला वाटलं, तुम्हाला त्यांच्याबरोबरच जायचंय."

"उत्तरेश्वरबरोबर? आठ दिवस? तो झोपेतसुद्धा तेवढ्याच आवाजात बोलतो."

मी चपला ठेवल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. देवघराचं दार तिथून दिसतं. समई अजून तेवत होती. सांगावं की नाही? सहा वर्षं मिटलेलं तोंड, एका सकाळी उघडायचं. पण ज्या माणसानं माझ्या गाईसाठी अनोळखी लोकांना फोन केले, आणि काल माझ्याच 'जा ना'मुळे ज्याचा चेहरा उतरला, त्याच्यापासून लपवून ठेवायला ते काही माझ्या एकटीचं नव्हतं. देव इतका हिशेबी नसेल, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

"हा नेम कशासाठी आहे, ठाऊक आहे?"

"तू कधी सांगितलं नाहीस. सांगायचं नसतं, म्हणतेस."

"तुमच्यासाठी. त्या वर्षी तुम्ही ह्या खुर्चीतून उठत नव्हता. तुम्ही उठावं, बाहेर पडावं, म्हणून."

ह्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मी खेळायला जावं म्हणून तू गाईकडे जातेस?"

"हो."

"आणि मी समजत होतो, माझ्या खेळाच्या खर्चाचं प्रायश्चित्त घेतेस."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. हेही हसले, पण मग एकदम गंभीर झाले. "आता सांगितलंस. फळ गेलं की काय?"

"ते तुम्हीच दाखवायचं," मी म्हटलं. "बसून राहिलात तर गेलं."

हे उठलेच. इतक्या झटक्यानं, की मांडीवरचा फोन वायरीसकट खाली आला. तो उचलून, जागेवर ठेवून, त्यावरून आधी उत्तरेश्वररावांना कळवलं. पलीकडून "बायकोला घेऊन? गोल्फला?" असं मोठ्यांदा ऐकू आलं. हे म्हणाले, "हो. आणि चार-सहा गाईंनाही," आणि खुलासा न करता फोन ठेवला.

मग आमोदच्या ऑफिसात केला. त्यानं लगेच त्या क्लबाचं नाव इंटरनेटवर शोधलं आणि ओरडला, "बाबा, इथे लोकांनी शिव्या घातल्यात! जिकडे तिकडे गाई, शेण, एकाची टोपी खाल्ली म्हणे. माझ्या तक्त्यात ह्याला शून्य गुण मिळतील."

"उत्तम," हे म्हणाले. "तिकिटं काढ."

स्वरालीला एव्हाना उलगडा झाला असावा. मागून तिचा आवाज आला, "आमोद, तू तक्त्यात गाईंचा रकानाच ठेवला नव्हतास."

मी जेवायला पानं घेतली. त्या दिवशी आम्ही दोघं खूप बोललो. मैदान केवढं असतं, चेंडू हरवला तर कोण शोधतं, बघायला आलेल्या बाईनं बोललेलं चालतं का. "मारायच्या वेळी नाही," हे म्हणाले. "एरवी तू तशीही हळूच बोलतेस."

"उद्या येरवड्याला येऊ का तुमच्याबरोबर?" मी विचारलं. "पूजा लवकर आटपते. निलगिरीत डोंगरात चालायचं, सवय नको का आधी?"

हातातला घास तसाच ठेवून हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या चपलांवर नाही जमायचं. दव असतं."

म्हणून संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याला गेलो. दुकानदारानं माझ्या साडीकडे, मग पायांकडे पाहिलं आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा जोड पुढे टाकला.

"सकाळी फिरायला का, आजी?"

"गोल्फला," मी म्हटलं.

त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान डोलावली. तो आत गेला आणि मघाच्यापेक्षा जाड तळाचा जोड घेऊन आला. "घालून बघा. पण एकदा रस्त्यावर गेले की बदलून मिळणार नाहीत."

"बदलायचे नाहीयेत," हे म्हणाले, आणि मी चपला पिशवीत टाकून, ते बूट घालूनच दुकानाच्या पायऱ्या उतरले.